टोसची जागा

गल्लीतल्या कडुलिंबानं पानं सोडायला सुरुवात केली की कॉलेजच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं. तीन वर्षं मी हे बघते आहे. आमच्या गावाकडं त्याला नुसतं लिंब म्हणतात. फेब्रुवारी सरता सरता त्याची पानं पिवळी पडतात आणि एखाद्या सकाळी वारा नसतानासुद्धा अशी गळायला लागतात, की झाडून मागं वळावं तर मागं पुन्हा तेवढीच. काल तसंच झालं. मी खराटा भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसून राहिले. मांडीवर इतिहासाच्या नोट्स होत्या, पण डोळ्यांसमोर आला तो पहिल्या वर्षाचा मार्च. त्या मार्चमध्ये मी अभ्यास कमी केला आणि एका कुत्र्यामागं जास्त फिरले. मला ते सगळं नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण लिंब गळायला लागला की ते दिवस आपोआप आठवतात.

कुत्र्याचं नाव टोस. चहात बुडवून खायच्या टोसासारखा त्याचा रंग, कडेनं जरा जास्त भाजल्यासारखा. तो निर्मलाकाकूंचा. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार, आणि शहराच्या गारखेडा भागातल्या त्या चार खोल्यांच्या घरात एकट्या. पुढची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. टोसला काकांनी आणलं होतं. त्याला आणल्यावर दोन वर्षांनी काका गेले, आणि टोस मागं राहिला.

कुत्रं असं घरात राहू शकतं, हे मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडं कुत्रं खळ्यात असतं, नाहीतर गोठ्याच्या दाराशी. त्याला भाकरीचा तुकडा टाकला की त्याचं आपलं नातं संपलं. टोस मात्र दिवाणाखाली गादीवर झोपायचा. पाणी प्यायचा तर फक्त तांब्यातून, वाडग्यात घातलं तर तोंड फिरवायचा. आलेल्या पाहुण्याची एकच चप्पल उचलून दिवाणाखाली न्यायचा आणि पाहुणा उठेपर्यंत तिच्यावर हनुवटी ठेवून पडायचा. कुकरची तिसरी शिट्टी झाली की भुंकायचा, पहिल्या दोन शिट्ट्यांना नाही. आणि मातीला तो पाय लावत नव्हता. अंगणात कधी उतरलाच तर एकेक पंजा असा वर धरायचा, जणू नव्या वहाणा घालून चिखलातून निघाला आहे.

मला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नाही. झेडपीच्या शाळेतली सवय. शहरात आल्यावर त्याची फार लाज वाटायची, म्हणून मी दार लावून वाचायची. टोसनं ते दार नखानं ओरबाडून उघडायला लावलं. मी राज्यशास्त्र वाचायला लागले की तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा. मी थांबले की एक डोळा उघडायचा. त्या पहिल्या वर्षी शहरात माझं वाचणं कुणी पुरतं ऐकलं असेल, तर ते त्यानं.

घराच्या बाजूनं गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना आहे. टोस सकाळ-संध्याकाळ तो जिना चढून जायचा, पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात आपलं काम उरकायचा आणि खाली यायचा. काकांनी त्याला तशी सवय लावली होती. तो कोपरा सोडून त्यानं कुठं कधी काही केलं नाही. त्या फेब्रुवारीच्या शेवटी उतरताना त्याचा मागचा पाय दोन पायऱ्यांमधल्या फटीत अडकला आणि तो तसाच उलटा लोंबकळला. मी धावत गेले तेव्हा तो ओरडतही नव्हता. नुसता माझ्याकडं बघत होता.

शेजारच्या रहीमचाचांनी रिक्षा काढली. काकू मागं बसल्या, टोस माझ्या मांडीवर, माझ्या ओढणीत गुंडाळलेला. ऑपरेशन झालं, पायात धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे उडी नाही, पळणं नाही, आणि जिना तर आता कायमचाच बंद. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा मोठा भोंगा घातला. परतीच्या वाटेवर चाचा आरशातून बघत म्हणाले, "क्या टोसमियाँ, लाउडस्पीकर लगा लिए?" काकू रडत होत्या, तरी त्यांना हसू आलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हणाले, "काकू, ह्यानं कालपासून लघवीच केली नाही."

मग ते सुरू झालं. पोटाखालून टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं हातात धरायची आणि मागचा भार उचलून त्याला अंगणात न्यायचं, असं डॉक्टरांनी दाखवलं होतं. मी न्यायची. लिंबाखाली तो उभा राहायचा, पंजा वर धरून, जिन्याकडं बघत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काही नाही. आत आणलं, की कुठल्यातरी वेळी त्याला आवरायचं नाही आणि बैठकीतल्या चटईवर, नेमकं काकांच्या फोटोखाली, व्हायचं. झालं की तो स्वतःच भोंग्यासकट दिवाणाखाली घुसायला बघायचा. भोंगा दिवाणाच्या पायाला अडायचा. अर्धा कुत्रा आत, अर्धा बाहेर, असा तो कितीतरी वेळ थांबायचा.

मी त्याला उचलून गच्चीवरही नेऊन पाहिलं. तिसऱ्या पायरीवर तो असा धडपडला की माझा तोल गेला आणि आम्ही दोघं पडता पडता वाचलो. काकू खालून ओरडल्या, "उतर आधी! त्याचा पाय मोडलाय तेवढा पुरे!" आणि त्यांचं खरं होतं. मी आज आहे, पण मे महिन्यात गावी गेल्यावर त्याला कोण उचलणार होतं? काकूंना तर स्वतःचे पाय उचलवत नव्हते. शिवाय आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. साठवलेल्या पाण्यातलं रोज दोन बादल्या पाणी फरशी पुसण्यात जायला लागलं. घरभर फिनेलचा वास. आणि ज्या दिवशी तो काहीच करायचा नाही, त्या दिवशी फरशी कोरडी असून आम्हाला जास्त धास्ती. असंच तुंबवून ठेवलं तर आत बाधा होईल, डॉक्टर म्हणाले होते.

आईला फोनवर सांगितलं. आमचं गाव चितेगावच्या पलीकडं, बाबा तिथल्या कंपनीत पाळीनं जातात, उरलेल्या वेळात शेत बघतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आई म्हणाली, "घरात? कुत्रं? आन् तू त्याचं पुसती? कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय गं?"

"आजारी हाये ते आई."

तशी ती म्हणाली, "मंग हळद टाकून दूध दे त्याला. लई नको, वाईच."

आठव्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात, लिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, थोडीशी लघवी केली. चुकून झाली असावी. पण मला एवढा आनंद झाला की मी पुढचा विचारच केला नाही. आमच्याकडं ज्या जागेला मान द्यायचा ती जागा आधी सारवतात. मी गल्लीच्या टोकाच्या गवळ्याकडून शेण आणलं. ती जागा खराट्यानं स्वच्छ झाडली, घासून धुतली आणि दोन हात औरसचौरस सारवून काढली. टोसची जागा. काकू बाहेर आल्या, त्यांनी बघितलं आणि त्यांना काही राहवलं नाही. सारवलेलं ओकंबोकं दिसतं म्हणून त्यांनी वर चार ठिपक्यांची रांगोळी काढली.

संध्याकाळी टोसला तिथं नेलं. त्यानं वास घेतला, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि त्या सारवणावर पाय पुढं घेऊन बसला. सत्यनारायणाला बोलावल्यासारखा. त्यानंतर तीन दिवस त्यानं अंगणात एक थेंब टाकला नाही.

मी मात्र रोज पहाटे उठून ती जागा झाडत होते, वर पाणी शिंपडत होते. लिंबाचं एक पान पडू देत नव्हते. काकू वर रोज नवी रांगोळी काढत. आपण एवढं करतो आणि ह्याला कळत कसं नाही, असं मला वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःचंच हसू येतं. आईला सांगितलं तेव्हा ती फोनवरच खो खो हसली होती. "अगं येडे, रांगुळीवर कोन मुतंल?" पण तिलाही उपाय सुचला नाही.

त्या बुधवारी काकू थकल्या. सकाळी त्यांचा पाय ओल्या फरशीवरून घसरला. पडल्या नाहीत, दाराला धरलं. पण नंतर कितीतरी वेळ त्या खुर्चीवर बसून होत्या. मग त्यांनी त्यांच्या भाच्याला फोन लावला. विलासदादा त्याचं नाव, शेंद्र्याला त्याचं वेल्डिंगचं शेड आहे. मी माझ्या खोलीत होते, पण सगळं ऐकू येत होतं.

"रविवारी ये आणि घेऊन जा बाबा ह्याला. तुझ्याकडं मोकळी जागा आहे. शेडला राखण होईल. माझ्यानं आता होत नाही. हो, हो, शिकवून पाहिलं. त्याला कळतच नाही. हट्टी झालाय."

फोन ठेवल्यावर त्या टोसकडं बघत नव्हत्या. टोस दिवाणाला अडून बसला होता. मी दारात जाऊन उभी राहिले. मला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही, अजूनही येत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर होत नाही. तेव्हा कसं बोलले, देव जाणे.

"काकू, त्याला कळतं."

"काय कळतं?"

"सगळं कळतं. पण ती जागा त्याला आपली वाटत नाही. मग होत नाही. आलेलं असलं तरी होत नाही."

"तुला काय माहीत?"

मग मी सांगितलं. त्या घरात मी राहायला आले ते जुलैमध्ये. संडास-बाथरूम आत, स्वयंपाकघराच्या पलीकडं, देवघराला लागून. काकू सकाळी पूजेला बसलेल्या असायच्या. त्यांच्या अंगावरून तिकडं जायचं मला जमायचं नाही. दाराची कडी नीट लागत नव्हती, ते सांगायचीही लाज. आमच्याकडं मी आठवीत असताना अंगणाच्या टोकाला संडास झाला, त्याआधी बायकांबरोबर अंधार असताना बांधाकडं जायचं. तिथली लाज वेगळी होती, ती सगळ्यांची मिळून होती. इथली एकटीची. पहिले दोन महिने मी सकाळी पाणीच प्यायची नाही. कॉलेजात जाईपर्यंत दम धरायची. रविवारी कॉलेज नसायचं, तेव्हा शनिवारी दुपारपासूनच पाणी कमी. एकदा जळजळ होऊन ताप आला, तर काकूंना सांगितलं, डोकं दुखतं.

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "माझ्या घरात? दोन महिने?"

"तुम्ही काही म्हणाला नव्हता, काकू. तुमची चूक नाही."

"पाणी देऊ का विचारलं की तू नको म्हणायचीस. मला वाटायचं, खेड्यातली पोर, भिडस्त आहे."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि उठून आत गेल्या. विलासदादाला परत फोन केला नाही. पण त्याच दुपारी कोपऱ्यावरचा सुतार येऊन बाथरूमच्या दाराला नवी कडी बसवून गेला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्यानं भरलेली बाटली दिसायला लागली. आजही दिसते. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. काही माणसं माफी मागत नाहीत, सुतार बोलावतात. असं एखादं माणूस परक्या गावात भेटलं की ते गाव हळूहळू परकं राहत नाही, हे मला त्या मार्चमध्ये कळलं.

गुरुवारी संध्याकाळी मी टॉवेल धरून टोसला घेऊन अंगणात उभी होते. रहीमचाचा रिक्षा पुसत होते. त्यांनी बराच वेळ बघितलं. चिंधी खांद्यावर टाकून जवळ आले.

"नै करता?"

"नाही चाचा."

त्यांनी वाकून त्या सारवलेल्या जागेचा वास घेतला. अगदी खरंच, नाक खाली नेऊन. मग माझ्याकडं बघितलं. "बेटा, पहले मै कबूतरां पालता था. नया खुराडा बनाया, तो पुराने का थोडा भुस्सा, थोडी घाण उठाके नये में डालता. नै तो पंछी उसमें बैठताच नै, चाहे कित्ता भी दाना डालो. और तुम लोगां क्या कर रै? झाडू, फिनेल, शेण, रांगोळी. वो बिचारा रोज अपना पता ढूंढता, और तुम रोज सुबू उठके पुसून टाकते."

मी टोस त्यांच्याकडं दिला आणि घमेलं घेऊन गच्चीवर गेले.

टाकीमागच्या कोपऱ्यात लिंबाची फांदी वाकून आलेली आहे. तिथं गेल्या कितीतरी महिन्यांची पानं साचली होती. वरची पिवळी, खालची काळपट, तळातली कुजून मऊ झालेली. वास असा की नाक धरावं. मी दोन्ही हातांनी ती पानं घमेल्यात भरली. त्या कोपऱ्यातून काकूंचं अंगण वरून दिसत होतं, स्वच्छ, गुळगुळीत, मधोमध रांगोळी. आपण केवढ्या प्रेमानं एखाद्याला हाकलत असतो!

खाली येऊन मी घमेलं त्या रांगोळीवर पालथं केलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले.

"आणि झाडायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. धुवायचं पण नाही."

"पाडवा तोंडावर आलाय."

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या. पण ते बरं किती जड होतं, ते मी ऐकलं.

पुढचे दोन दिवस अंगण झाडलं गेलं नाही. हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण ज्या बाईनं तीस-पस्तीस वर्षं कचेरीला जाण्याआधी अंगण झाडलं, आणि ज्या मुलीला न झाडलेल्या अंगणात उभं राहिलं की आईचा आवाज ऐकू येतो, त्या दोघींना विचारावं. काकू सकाळी बाहेर यायच्या, हात आपोआप खराट्याकडं जायचा, त्या तो उचलायच्या आणि परत ठेवायच्या. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसायची आणि पानांकडं पाठ करायची. वरून लिंब गळतच होता. दोन दिवसांत पानं घोट्यापर्यंत आली. समोरच्या जोशीबाई फाटकातून म्हणाल्या, "काय निर्मलाताई, झाडायचं सोडलंत की काय?"

काकू म्हणाल्या, "झाडणारी परीक्षेला बसलीय."

"आणि तुम्ही?"

"मी पण."

शुक्रवारी त्याला नेलं तेव्हा टोसनं पानांत भोंगा खुपसला आणि बराच वेळ तसाच राहिला. आत काय वाचत होता कोण जाणे. शेपटी एकदा हलली. पण केलं काही नाही, आणि दुपारी पुन्हा चटई ओली झाली. काकूंनी ती माझ्याबरोबर बसून पुसली. दोघींच्या मनात रविवार होता. संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायला बसले, तर पहिल्याच ओळीवर अडून राहिले. तो माझ्या पायावर डोकं ठेवून वाट बघत होता. शेंद्र्याच्या शेडमध्ये त्याच्यासमोर कोण वाचणार, हे मनात आलं आणि मी पुस्तक मिटलं.

शनिवारी सकाळी ऊन लिंबाच्या शेंड्यावरून अंगणात उतरलं होतं. मी टॉवेल धरला. टोस पानांत शिरला, आणि त्या दिवशी त्यानं पंजा वर धरला नाही. चारही पाय खाली. एक फेरी मारली. भोंग्यानं पानं ढकलली जात होती, आणि त्याच्यामागं मी वाकून टॉवेल सांभाळत गोल गोल फिरत होते. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला तो थांबला, मागचे पाय जरासे वाकवले, आणि पानांवर आवाज यायला लागला.

तो आवाज किती वेळ येत होता! मी श्वास रोखून धरला होता. दारात काकूंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. आनंदानं ओरडलो तर तो थांबेल, ही भीती. फाटकापाशी चाचा रिक्षा सुरू करणार होते, त्यांनीही चावी फिरवली नाही. सगळी गल्ली जणू त्या एवढ्याशा जनावरासाठी गप्प उभी होती. झाल्यावर टोसनं मागच्या चांगल्या पायानं दोन पानं उडवली आणि आमच्याकडं बघितलं. तो दिवाणाखाली लपायला निघाला नाही. तिथंच उन्हात उभा राहिला.

संध्याकाळी पुन्हा तिथंच. रविवारी सकाळीही तिथंच. चटई कोरडी.

रविवारी अकराच्या सुमाराला विलासदादा टेम्पो घेऊन आला. एका हातात नवी साखळी, दुसऱ्या हातात स्टीलचं नवं वाडगं. वाटेत आठवणीनं विकत घेतलेलं, वरचा कागदही निघाला नव्हता. चांगला माणूस आहे तो. आल्या आल्या म्हणाला, "आत्या, तयार आहे का गडी? शेडात त्याच्यासाठी सावलीची जागा केलीय."

काकूंनी त्याला बस म्हटलं नाही. त्याच्या कोपराला धरून अंगणात नेलं आणि पानांच्या ढिगाकडं बोट केलं.

"हे बघ."

"काय?"

"हे. इथं. ओलं आहे बघ."

विलासदादानं वाकून पाहिलं. मग सरळ होऊन एकदा काकूंकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "आत्या, एवढ्या लांबून मला हे दाखवायला बोलावलं?"

"न्यायला बोलावलं होतं. आता नको नेऊस."

तो हसायला लागला. हसता हसता त्यानं हातातल्या वस्तूंकडं पाहिलं. "आणि आता ह्याचं काय करू?"

"साखळी घेऊन जा," काकू म्हणाल्या. "वाडगं ठेव."